तापामागे लघवीचे कारण तर नाही ना?

आमच्या पहिलीच्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी तिसऱ्यांदा तापाने गैरहजर राहिली. जिंतूर तालुक्यातले गाव. दर वेळी गोळ्या घेतल्या की ताप उतरायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा यायचा. सर्दी नाही, खोकला नाही. चौकशीला घरी गेलो तेव्हा तिची अम्मी म्हणाली, "सर, लघवी तपासायला कुणी सांगितलंच नाही." परभणीला नेल्यावर लघवीचे इन्फेक्शन निघाले. पुढे मोठ्या शहरात स्कॅन झाला. एका किडनीवर व्रण आढळला.

लघवीतले जंतू मूत्राशयातून वर किडनीपर्यंत गेले तर तिथे सूज येते. बहुतेक मुले वेळेवर औषध मिळाले की पूर्ण बरी होतात. काहींच्या किडनीवर मात्र कायमचा व्रण राहतो. व्रण मोठे असले किंवा दोन्ही किडन्यांवर असले तर पुढे रक्तदाब वाढण्याची, किडनी कमजोर होण्याची भीती असते.

कोणत्या मुलाला व्रण राहील, हे आधी सांगता येते का? खात्रीने नाही, पण अंदाज बांधता येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या इन्फेक्शननंतरच्या सुमारे १,२८० मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. साधारण १५ टक्के मुलांत व्रण सापडले. १०२ डिग्रीच्या वरचा ताप, सोनोग्राफीत दोष, नेहमीच्या ई. कोलायऐवजी दुसराच जंतू, रक्तात सुजेची वाढलेली लक्षणे आणि लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढणे, अशा मुलांत धोका जास्त होता. इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होणे हेही धोक्याचेच.

यातले बरेचसे आईबापांच्या हातात नाही. वेळ मात्र हातात आहे. ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत उपचार सुरू झाले तर व्रणाचा धोका कमी राहतो. म्हणून लहान मुलाला कारण न कळणारा ताप आला, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "लघवी तपासायची का?" कल्चरसाठी लघवी अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावी. ताप उतरला तरी औषधाचा कोर्स पूर्ण करावा. सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. व्रण दाखवणारा डीएमएसए स्कॅन बहुधा चार-सहा महिन्यांनी करतात. तेव्हा हेच कागद लागतात.

खतना झालेल्या मुलाला हा आजार होतच नाही, असे काही घरांत समजतात. खतन्यामुळे धोका बराच कमी होतो, संपत नाही. मुलींना धुताना हात पुढून मागे न्यावा. बद्धकोष्ठता अंगावर काढू नये.

एक कबुली आमचीही. ती मुलगी तासाला करंगळी वर करायची आणि आम्ही म्हणायचो, "बस खाली, घंटा होऊ दे." लघवी दाबून ठेवल्याने इन्फेक्शनला वाव मिळतो, हे आम्हाला नंतर कळले. उन्हाळ्यात मुले पाणीही कमी पितात, कारण शाळेच्या मुतारीत जायला नको वाटते. आता आमच्या वर्गात करंगळी वर झाली की मूल थेट बाहेर जाते. विचारावे लागत नाही.

ती मुलगी आज दुसरीत आहे. दर काही महिन्यांनी तिचा रक्तदाब आणि लघवी तपासतात. तिच्यासाठी दुआ करा, आणि आपल्या घरातला पुढचा ताप नुसत्या गोळीवर घालवू नका.