अकरा लक्ष टन मातीचा प्रश्न

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत बंद वाहनांतून पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो तेथील भट्टीत जाळून संपविण्यात आला. त्या वेळी सरकारी गोटातून समाधानाचा जो सुस्कारा ऐकू आला, त्यात आम्हांस सामील होता येत नाही. जळाला तो वेचून छपराखाली ठेवलेला कचरा. जो वेचलाच गेला नाही, जो पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरला, तो जेथल्या तेथे आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०१० च्या अहवालात शुद्धीकरणाची गरज असलेल्या मातीचे प्रमाण ११ लक्ष टन इतके धरले होते. ३३७ टनांची वासलात लावण्यास चाळीस वर्षे लागली; उरलेल्या मातीचे त्रैराशिक वाचकांनीच मांडावे.

हे विष १९८४ च्या डिसेंबरातील त्या काळरात्रीचे नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो वायू वाऱ्याबरोबर गेला. मातीतले विष कारखाना सुरळीत चालू असतानाचे आहे. आवारात टाकून दिलेल्या आणि बाष्पीभवनाच्या तळ्यांत सोडलेल्या टाकाऊ द्रव्यांचे आहे. त्यात हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनसारखी कीटकनाशके आहेत, क्लोरीनयुक्त बेंझिने आहेत आणि पारा आहे. आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवा, असे सर्वोच्च न्यायालयास २००४ साली सांगावे लागले, यावरून हे विष कुंपणाच्या आत थांबलेले नाही हे उघड होते.

आता प्रश्न उपायाचा. इतकी माती जाळणे खर्चाच्या व धुराच्या दृष्टीने अशक्यप्राय. खणून दुसऱ्या गावी न्यावी, तर पीथमपूरच्या नागरिकांनी रस्त्यावर उतरून दिलेले उत्तर ताजे आहे. राहिला तिसरा मार्ग : विषाचे रेणू मातीतच मोडून टाकणे. येथे रसायनशास्त्रातील उत्प्रेरक उपयोगी पडू शकतात. शाळेत पोटॅशियम क्लोरेटात चिमूटभर मँगनीज डायॉक्साइड घालून प्राणवायू काढल्याचे ज्यांना आठवते, त्यांना उत्प्रेरक म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे तो क्रिया घडवून आणतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या घरी जातो. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ साली दाखवून दिले की, हायड्रोजन पेरॉक्साइडला लोहाच्या क्षाराची जोड मिळाली म्हणजे टार्टारिक आम्लासारख्या पदार्थाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. या क्रियेत हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत अल्पायुषी व तितकेच आक्रमक कण निर्माण होतात, असे पुढे कळून आले. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर ते तुटून पडतात. दूषित माती आणि भूजल यांच्या शुद्धीकरणासाठी ही पद्धत परदेशांत प्रत्यक्ष वापरली गेली आहे. लोखंड स्वस्त, पेरॉक्साइडचे शेवटी पाणी व प्राणवायूच होणार. मोह पडावा असाच हा उपाय आहे.

परंतु मोह पडला म्हणजे चौकशी अधिक कसून करावी. ‘समोर येईल त्या रेणूवर’ या शब्दांतच पहिली अडचण आहे. मातीतील कुजलेला पालापाचोळा हाही सेंद्रियच. औषधाचा मोठा वाटा तोच खाऊन टाकतो. शिवाय ही क्रिया आम्लधर्मी द्रावणात उत्तम चालते, आणि माळव्यातील काळी माती सामान्यतः अल्कधर्मी व चुनखडीयुक्त. चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेले विष द्रावणात उतरतच नाही. लोहाला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवणारी सेंद्रिय द्रव्ये वापरून काही अडचणी कमी करता येतात; पण त्याने खर्च वाढतो.

त्याहून गंभीर गोष्ट अर्धवट मोडतोडीची. हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनवर अल्काची क्रिया केली की मूळ विष नाहीसे होते खरे, पण त्याच्या जागी ट्रायक्लोरोबेंझिने येतात. लोखंडाच्या सूक्ष्म भुकटीने क्लोरीन काढून घेतला तर बेंझिन मागे राहू शकते, आणि बेंझिन हे कर्करोगकारक. म्हणजे तपासणीच्या तक्त्यात जुन्या विषापुढे शून्य लिहिले गेले तरी शेजारच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे झाले असे होत नाही. आणि पारा? तो मूलद्रव्य आहे. जगातील कोणताही उत्प्रेरक त्याला मोडू शकणार नाही. तो वेगळाच काढावा लागेल, किंवा कायमचा जखडून ठेवावा लागेल. ‘रसायनाने माती शुद्ध झाली’ अशी घोषणा उद्या कोणी केली, तर पाऱ्याचे काय केले हा प्रश्न प्रथम विचारावा.

म्हणून उत्प्रेरकांचा नाद सोडावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. उलट, प्रयोगशाळेच्या टेबलावरून ही विद्या भोपाळच्या प्रत्यक्ष मातीत उतरविण्यास इतका विलंब का, हीच आमची तक्रार आहे. १९९८ पासून ही जमीन मध्य प्रदेश सरकारच्या ताब्यात आहे. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्राने जुलै २०२५ मध्ये नियमही केले. अतिरिक्त नुकसानभरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली, हे खरे. कंपनीकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करण्याचा लढा सरकारने अवश्य लढावा. पण निकालाची वाट पाहत भूजल थांबून राहणार नाही.

सरकारने कारखान्याच्या आवारात काही गुंठ्यांचे तुकडे आखावेत. त्यांवर निरनिराळ्या पद्धती, फेंटनची एक, लोखंडाच्या भुकटीची दुसरी, जंतूंच्या साह्याने करावयाची तिसरी, निदान दोन पावसाळे चालवून पाहाव्यात. काम नागपूरच्या संस्थेकडे द्यावे. तिला ही माती परिचयाची आहे. दर तिमाहीस मूळ विषाचे, मधल्या अवशेषांचे आणि पाऱ्याचे असे तिन्ही आकडे हिंदीत छापून लगतच्या वस्त्यांतील चौकांत लावावेत. आणि या आकड्यांची खात्री पटेपर्यंत तेथील नळाचे पाणी एक दिवसही बंद पडता कामा नये.