'अलाऊ' म्हणजे नेमके काय दिले?

हुपरीत पैंजणाचा जोड एका हातात पूर्ण होत नाही. आटणी एकाकडे, जोडकाम दुसऱ्याकडे, पॉलिश तिसऱ्याकडे. ज्याच्याकडे जेवढे काम, तेवढीच चांदी, तीही वजन करून. तिजोरीची चावी कारागिराला कुणी देत नाही.

मोबाईलची रचनाही मुळात अशीच आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपल्या खोलीत बंद असते. शेजारच्या ॲपचे त्याला दिसत नाही. कॅमेरा, माइक, संपर्कयादी हवी तर मालकाला विचारावे लागते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ही विचारणा गरजेच्या वेळी, एकेक करून होते.

'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मात्र यात बसत नाही. ती आहे अंध किंवा हात नीट न चालणाऱ्यांसाठी. 'टॉकबॅक' पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते ते तिच्याच जोरावर. ती मिळालेले ॲप दुसऱ्या ॲपचा पडदा वाचू शकते, मालकाऐवजी बटणही दाबू शकते. म्हणूनच 'वाहन चलन' किंवा 'लग्नपत्रिका' म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या काही एपीके फायली नेमकी तीच मागतात. एका 'अलाऊ'वर ओटीपी, पिन, खाते सगळे उघडे.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अशा ॲपवर इथे अडसर आहे. पण सेटिंगमधून तो मालकालाच काढता येतो, आणि भामटा फोनवर गोड बोलून वाट दाखवतो.

अशा वेळी 'लोक वाचत नाहीत' म्हणून हात झटकणे बरोबर नाही. बोली करून चांदीकाम करणाऱ्याने दिवसभर सूचनांचे इंग्रजी वाचायचे का? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्ज देणाऱ्या ॲपना संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो-फायली पाहायला मनाईच केली. ग्राहक 'हो' म्हणाला तरी नाही. कारण त्या यादीवरून नातेवाइकांना फोन करून कर्जदाराला छळले जात होते. तोच न्याय इथेही हवा: अनोळखी ॲपकडे ही परवानगी असेल तर बँकेच्या ॲपने व्यवहार थांबवावा. मात्र टॉकबॅक वापरणाऱ्या अंध ग्राहकाला त्यात अडकवू नये. सरसकट बंदी हा आळशी उपाय ठरेल.

तोवर सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडून, बाहेरून घेतलेले कोणते ॲप तिथे चालू आहे ते पाहावे. अनोळखी दिसले तर आधी इंटरनेट बंद करावे, आणि पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ला कळवावे.