ब्रेकांस रंग द्यावा काय?

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यास घोडबंदरचा रस्ता येऊन मिळतो. तेथे थांबलेल्या मोटारींकडे पाहिले असता काहींच्या जाळीदार चाकांच्या आत तांबडा अथवा पिवळा रंग झळकताना दिसतो. हा रंग ब्रेकाच्या कॅलिपरचा होय. घरातील तरुणांस त्याचे कौतुक वाटते, तर वडील मंडळी त्यास उधळपट्टी म्हणून नाक मुरडतात. आमच्या मते ही हौस सर्वस्वी व्यर्थ नाही. मात्र रंग कोठे लावू नये हे ज्यास नीट उमजले, त्यानेच ब्रश हाती घ्यावा.

येथे साधा रंग का चालत नाही, ते प्रथम पाहू. माणसांसह १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या ठायी २,४०,००० ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. मोटार थांबली म्हणून ही ऊर्जा नष्ट होत नाही. ब्रेकांच्या घर्षणाने तिची बहुतेक उष्णता होते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ८७ अंशांपर्यंत तापविण्यास तेवढी उष्णता पुरेल! हे झाले एकदा थांबण्याचे. नाशिकहून परतताना कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो, तेव्हा हाच व्यापार सारखा चालू राहतो आणि डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापू शकते. अशा आंचेजवळ साधा तैलरंग पिवळा पडतो व त्याचे पोपडे निघतात. म्हणून सिलिकोन जातीच्या राळेत कालविलेला, उष्णता सोसणारा रंगच येथे हवा.

त्याचा खरा उपयोग गंज रोखण्याचा. कॅलिपर व ड्रम बहुधा बिडाचे असतात. ठाण्यास खाडी जवळ, त्यात चार महिने पाऊस. उघड्या बिडास गंज चढावयास कितीसा वेळ लागणार? कॅलिपरची बाहेरील बाजू, ड्रमची पाठ आणि डिस्कचा मधला उंच भाग यांस रंग दिल्यास ते स्वच्छ राहतात.

परंतु जेथे घर्षण व्हावयाचे, तेथे रंगाचा थेंबही पडता कामा नये. डिस्कचा पॅड टेकणारा पृष्ठभाग, ड्रमची आतील बाजू, पॅड आणि लायनिंग ही कोरीच राहिली पाहिजेत. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर नारिंगी गंज दिसतो, तो चार वेळा ब्रेक दाबला की पुसला जातो. त्यास रंगाचे औषध नको. कॅलिपरच्या सरकत्या पिना, रबरी बूट आणि हवा काढण्याची निपल चिकटपट्टीने झाकावी. चाक व त्याचे नट जेथे घट्ट बसतात तेथेही रंग नसावा. मधला थर दबला म्हणजे नट सैल होण्याचा संभव असतो.

काम सपाट जागी, ब्रेक गार असताना करावे. मोटार नुसत्या जॅकवर न ठेवता खाली भक्कम घोडी द्यावी. ब्रेकाची धूळ तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत. ती ओल्या फडक्याने टिपावी. गंज तारेच्या ब्रशाने खरवडून, तेलकटपणा काढून, रंगाचे पातळ हात द्यावे आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते वाळू द्यावे.

आता मुख्य गोष्ट. रंगविलेला ब्रेक नवा दिसतो. तो नवा झालेला नसतो. तांबड्याभडक कॅलिपरच्या आत पॅड झिजून पत्र्यास टेकलेले असू शकतात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश असावा लागतो. ओल मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात ते तेल उकळले, त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पायाखालील पेडल खाली जाते आणि मोटार थांबत नाही. मागे आजी आणि नातवंडे बसली असता हा प्रसंग कोणावरही न येवो!

म्हणून आमची सूचना अशी, की रंगाच्या निमित्ताने चाके निघालीच आहेत, तर त्याच दिवशी मिस्त्रीकडून पॅडची जाडी मोजून घ्यावी; ती तीन मिलिमीटरांवर आली असल्यास आधी पॅड बदलावे. बूट फाटले आहेत काय, तेल कोठे झिरपते काय, ते कधी बदलले होते, हेही पाहून वहीत टिपून ठेवावे. संस्कृतात ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ. अलंकार हा शब्द त्यावरूनच झाला. ब्रेक समर्थ असल्याची खात्री आधी करून घ्यावी. मग चिरंजीवांनी तांबडा रंग दिला तरी वडिलांनी रागावू नये.