आबदाराचा हुद्दा

शिवकालीन राज्यव्यवहारात जे अठरा कारखाने गणले जात, त्यांत शरबतखान्याबरोबर आबदारखान्याचाही समावेश होता. आणि अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याने पाणी कसे निववीत, हे ज्या अबुल फजलने लिहून ठेवले, त्याचे वास्तव्य काही काळ आपल्या जालन्यातच होते असे सांगतात. पेय राखणे, निवविणे आणि निर्दोष आहे अशी खातरजमा करूनच पुढे करणे, हे आबदाराचे काम विश्वासाचे होते. आधुनिक उपाहारगृहात वाइन देणारा जाणकार सेवक, ज्याला फ्रेंच लोक सॉमेलिए म्हणतात, तो माझ्या मते याच हुद्द्याचा वारस होय.

यजमानाच्या पेल्यात प्रथम घोटभर वाइन ओततात ती त्याच्या पसंतीसाठी, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती बुचाच्या दोषाची परीक्षा असते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर हुज्जत न घालता बाटली परत घ्यावयाची असते. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतामानाला द्यावी हा दंडकही युरोपातील थंड दालनांतून आलेला, म्हणजे सोळा ते अठरा अंशांचा. वैशाखात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात तो शब्दशः पाळणे म्हणजे पाहुण्याला ऊन काढा पाजणे होय.

2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा बाटली कोठे विकावी यावर रणे माजली. ती कोणाच्या हातून आणि किती द्यावी, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. मला तोच मुख्य वाटतो. या सेवकाला मालकाचा विक्रेता न मानता पाहुण्याचा विश्वस्त मानले पाहिजे; कमी किमतीची बाटली सुचविण्याची, पुरे झाले असे अदबीने सांगण्याची, आणि न पिणाऱ्यापुढे जालन्याच्या मोसंबीचा ताजा रस तितक्याच आस्थेने ठेवण्याची मुखत्यारी त्याला हवी.

कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाच्या आणि शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या; तेथील लेकरांना द्राक्षाची गोडी आणि आंबटपणा जिभेवर ठाऊक आहे. जालन्याच्या हॉटेलमालकांनी त्यांपैकी एखाद्या मुलाला वा मुलीला या विद्येचे रीतसर शिक्षण द्यावे, आणि त्यांचा पगार खपलेल्या बाटल्यांच्या हिशेबावर ठरवू नये, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.