उपद्रव कोणाचा, हक्क कोणाचा?

संसार म्हटला कीं शेजार आला, आणि शेजार आला कीं उपद्रव आला. एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो; एकाच्या गिरणीचा घरघराट दुसऱ्याची झोंप उडवितो; वरच्या गांवच्या कारखान्याचें सांडपाणी खालच्या गांवच्या घाटावर येतें. अशा वेळीं आपणां सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य येतें : ‘ज्यानें घाण केली त्यानें ती थांबवावी.’ हें वाक्य न्यायाचें दिसतें, आणि पुष्कळ अंशीं तें आहेहि. परंतु तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं, असें दाखविणारा एक विचार अर्थशास्त्रांत मान्यता पावला आहे. तो वाचकांपुढें मांडून त्यांतील ग्राह्य काय व त्याज्य काय हें पाहावें, असें आम्हीं ह्या खेपेस योजिलें आहे.

केंब्रिजचे प्रोफेसर पिगू ह्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या विषयाची जी मांडणी केली, तिचें सार असें : कारखानदार आपला हिशेब करतांना कोळसा, मजुरी, भाडें हें सर्व जमेस धरतो, परंतु त्याच्या धुरानें शेजाऱ्यांस पडणारा खर्च त्याच्या वहींत कोठेंच चढत नाहीं. सरकारनें तो कराच्या रूपानें त्याच्या माथीं घालावा, म्हणजे तो आपोआप हात आंवरील. ह्या मताला १९६० सालीं रोनाल्ड कोस ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. टाळी जशी एका हातानें वाजत नाहीं, तसा उपद्रवहि एका पक्षाचा नसतो, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य. धूर बंद केला तर कारखानदाराचें नुकसान, चालूं ठेवला तर शेजाऱ्याचें. तेव्हां कोणतें नुकसान टाळणें अधिक मोलाचें, हा खरा प्रश्न. कोस ह्यांस १९९१ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत ह्या विवेचनाचा मोठा वांटा होता.

त्यांनीं उदाहरण घेतलें तें लंडन येथील एका खटल्याचें. विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला साखरेसारखे कठीण जिन्नस कुटण्यासाठीं दोन मोठे खल वापरीत असे. एक साठांहून अधिक वर्षें, दुसरा सव्वीस वर्षें. पाठीमागच्या घरांत एक डॉक्टर राहावयास आले. आठ वर्षें कोणाची कांहीं तक्रार नव्हती. पुढें डॉक्टरांनीं बागेच्या टोंकास, मिठाईवाल्याच्या मुदपाकखान्यालाच लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली. आणि मग त्या कुटण्याच्या दणदणाटांत रोग्याच्या छातीचे ठोके ऐकूं येईनात! मिठाईवाल्यानें जुन्या वहिवाटीचा आधार घेतला. परंतु खोली होईपर्यंत उपद्रवच नव्हता, सबब वहिवाट लागू नाहीं, असें म्हणून १८७९ सालीं न्यायालयानें डॉक्टरांच्या बाजूनें निकाल दिला.

कोस विचारतात, ह्या निकालानें खल थांबलाच पाहिजे काय? आपण एक हिशेब कल्पूं. खल हलविण्यांत मिठाईवाल्याचें ८०० रुपयांचें नुकसान आहे, आणि डॉक्टरांनीं खोली अन्यत्र नेल्यास त्यांस ५०० रुपये खर्च आहे. हक्क डॉक्टरांचा असल्यास मिठाईवाला त्यांस ६०० रुपये देऊं करील. दोघांचाहि लाभ होईल, आणि खल चालूं राहील. उलट हक्क मिठाईवाल्याचा असल्यास डॉक्टर ५०० रुपयांपलीकडे जाणार नाहींत, तो ८०० च्या खालीं येणार नाहीं, आणि खल चालूंच राहील. हलविण्याचा खर्च ८०० ऐवजीं ३०० असता, तर दोन्ही पक्षीं खल हलला असता. म्हणजे हक्क कोणाचाहि असो, तो स्पष्ट असला आणि सौदा करण्यास खर्च व अडचण नसली, तर एकंदरींत ज्यांत नुकसान थोडें, तीच व्यवस्था शेवटीं टिकते.

हें केवळ पुस्तकी नव्हे. फ्रान्समधील व्हित्तेल येथें झऱ्याचें पाणी बाटल्यांत भरून विकण्याचा धंदा आहे. सभोंवारच्या शेतांतील मका, खतें व गुरांचें शेण ह्यांमुळें त्या पाण्यांत नायट्रेट वाढूं लागलें. शेतकऱ्यांस आपल्या जमिनींत हवें तें पिकविण्याचा हक्क होता. तेव्हां कंपनीनें कोर्टाची पायरी न चढतां, सरकारी कृषिसंशोधन संस्थेच्या साह्यानें, त्यांच्याशीं वाटाघाटी केल्या : मका सोडावा, रासायनिक खतें व औषधें वर्ज्य करावीं, शेणाचें नीट खत करावें, मोबदल्यांत कंपनीनें वार्षिक रक्कम, कर्जाचा भार कमी करणें व अवजारें द्यावीं. ह्याला वर्षानुवर्षें लागलीं, परंतु झरा वांचला.

येथेंच ‘सौद्यास खर्च नसला तर’ ही अट लक्षांत घ्यावी. एकत्र कुटुंबांत थोरल्याचा दूरदर्शन संच आणि धाकट्याची परीक्षा ह्यांचा तंटा घटकाभरांत मिटतो. कारण माणसें थोडीं, ओळखीचीं, आणि उद्यांहि एकाच पंक्तीस बसणारीं. पण पंजाब-हरियाणांत भाताचे खुंट जाळणारे शेतकरी लाखों, आणि तो धूर नाकीं घेणारे कोट्यवधि. कोण कोणाशीं बोलणार? ही अडचण खुद्द कोस ह्यांनींच ठळकपणें मांडली होती. तिच्यावर एक तोड निघाली ती अशी : एकंदर धूर किती सोडावा हें सरकारनें ठरवावें, आणि तेवढ्याचे परवाने कारखान्यांनीं आपसांत खरेदी-विक्री करावे. अमेरिकेनें १९९० च्या कायद्यानें गंधकाच्या धुरासाठीं ही पद्धत घातली. आणि हवेंतील बारीक कणांसाठीं ती २०१९ सालीं आपल्या शेजारच्या सुरतेस सुरू झाली.

आतां आमची हरकत. वरील हिशेबांत खल कोठें राहतो हें दोन्ही पक्षीं एकच निघालें. परंतु पैसा कोणाच्या खिशांत गेला, हें एक निघालें नाहीं. अर्थशास्त्री ह्या भेदास गौण समजतील, गृहस्थास तसें समजतां येणार नाहीं. नदीकांठच्या कोळ्यानें स्वच्छ पाण्यासाठीं कारखानदारास पैसे मोजावे काय? ते त्याच्यापाशीं नाहींतच. मग त्याला पाण्याची किंमत नाहीं असें का समजावयाचें? श्रीमंताचा सौदा ही सोय असते, गरिबाचा सौदा हा नाइलाज असतो. म्हणून सौद्याच्या आधीं हक्काचा निवाडा हवा, आणि तो दुबळ्याकडे पाहून हवा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें स्वच्छ हवापाण्याचा हक्क जीविताच्या हक्कांतच अंतर्भूत मानला आहे. आणि १९९६ सालीं वेल्लोरकडील कातडीं कमावणाऱ्या कारखान्यांच्या प्रकरणीं, जो दूषित करील त्यानेंच भरपाई द्यावी, हें तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचें सांगितलें आहे. असा हक्क हातीं असला, तर खालच्या गांवानें मग खुशाल वाटाघाट करावी. हक्कावांचून केलेली वाटाघाट म्हणजे याचना होय.

व्यवहारापुरतें एवढेंच सुचवितों. शेजाऱ्याशीं तंटा पडल्यास ‘दोष कोणाचा’ ह्यावर रात्री जागविण्यापेक्षां, कायद्यानें हक्क कोणाचा आहे हें आधीं पाहावें, कमींत कमी नुकसानीची वाट कोणती हें दोघांनीं मिळून शोधावें, आणि ठरेल तें कागदावर लिहून ठेवावें. समोरचा पक्ष दुबळा असेल तेथें मात्र आपला हक्क थोडा सैल सोडावा; तेवढी उदारता कोणत्याहि हिशेबांत बसत नाहीं, पण शेजार टिकतो तो तिच्यावरच.