दुसऱ्या इयत्तेंतील एक आठवडा

लहान मुलांना शिकविणें हें सोपें काम आहे, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. बीजगणित शिकविणाऱ्या गुरुजींस मान असतो. अंक शिकविणाऱ्यास तो नसला तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. बीजगणिताच्या विद्यार्थ्यास आपलें कोठें अडलें हें सांगतां येतें; सात वर्षांच्या मुलास तें सांगतां येत नाहीं. तें शिक्षकालाच ओळखावें लागतें, आणि ओळखण्याचें साधन एकच, तें म्हणजे त्या मुलाची चूक.

दुसरी इयत्ता आमच्याकडे आहे. शनिवारीं पुढील आठवड्याचें पाठटाचण लिहिण्यापूर्वीं मागील दिवसांच्या वह्या एकदां पुनः चाळावयाच्या, असा आमचा परिपाठ आहे. जुलै महिन्यांतील अशाच एका आठवड्याविषयीं येथें लिहावयाचें आहे. उन्हाळा कडक असल्यामुळें विदर्भांत शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि गोंदिया जिल्ह्यांत लागलीच भाताच्या रोवणीचे दिवस येतात. सोमवारीं वर्ग अर्धाच भरला होता. आई बांधींत रोवणीला गेली म्हणजे धाकट्या भावंडाला कोणी सांभाळावयाचें? हजेरीपत्रकांत आम्ही गैरहजेरी मांडतों, कारण तसा नियम आहे. परंतु तिला आळस म्हणावयास आमचें मन घेत नाहीं.

विषय होता एकवीसपासून पुढील संख्यांचा. मंगळवारीं आम्हीं ‘तेवीस’ असें सांगितलें, तों कांहीं मुलांनीं ३२ लिहिले. बुधवारीं ‘एकोणतीस’ सांगितल्यावर कोणी ३९ लिहिले, तर कोणी ३१. पाहणारा म्हणेल, मुलांचें लक्ष नव्हतें. आम्ही म्हणतों, त्यांचें लक्ष पुरतें होतें. तेवीस या शब्दांत तीन आधीं ऐकूं येतात व वीस मागून. लिहितांना मात्र विसांतले दोन आधीं मांडावयाचे. एकोणतीस म्हणतांच कानावर एक पडतो आणि तीस पडतात. नवाचें तेथें नांवही नाहीं. जें ऐकलें तेंच इमानानें लिहिणाऱ्या मुलास ढ कोणत्या न्यायानें म्हणावें?

आमच्या जिल्ह्यांत या अडचणींत आणखी एक भर पडते. कोणाच्या घरीं पोवारी, कोणाच्या घरीं गोंडी, छत्तीसगढी वा हिंदी. आणि शाळेंत पुस्तकी मराठी. गोंदियाच्या बाजारांत ८९ रुपयांना वडील ‘नवासी’ म्हणतात, शाळेंत आम्ही ‘एकोणनव्वद’ म्हणतों. पहिल्या शब्दांत नऊ आणि ऐंशी यांची बेरीज आहे, दुसऱ्यांत नव्वदांतून एक वजा केलेला आहे. एकाच आंकड्यासाठीं मुलानें दोन ठिकाणीं दोन वेगळे हिशेब करावयाचे! गोंडी ज्या द्राविड कुळांतली, त्याच कुळांतील तेलुगु भाषेंत तेविसाला ‘इरवै मूडु’, म्हणजे वीस-तीन, असें सरळ म्हणतात.

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत जुन्या नांवांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी रीत दिली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढें वादळ उठलें हें पालकांस आठवत असेल. विधिमंडळांतही तो विषय निघाला, थट्टाही पुष्कळ झाली. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर (निधन २०२३), यांनीं शांतपणें सांगितलें कीं जोडाक्षरांच्या नांवांमुळें लहान मुलांच्या मनांत गणिताची भीति बसते. टीकाकारांपैकीं दुसरीच्या वर्गांत एक आठवडा बसलेले किती होते, अशी शंका आम्हांस तेव्हांही आली व आजही येते. नॉर्वे देशांत हाच प्रश्न दूरध्वनीच्या आंकड्यांवरून निघाला. आंकडे सांगतांना घोटाळे होत, म्हणून १९५१ सालीं सरकारनें दशक आधीं म्हणण्याची रीत ठरविली. तरीही जुनी रीत लोकांच्या बोलण्यांतून अद्याप गेलेली नाहीं, आणि जावी असें आम्ही म्हणतही नाहीं. तेवीस, त्रेचाळीस हे शब्द आपल्या आजीच्या तोंडचे आहेत; ते टाकावयाचे कशाला? मात्र आधीं ‘वीस आणि तीन’ हें मुलाच्या हातीं यावें, आणि मग ‘तेवीस’ हें त्याचें नांव म्हणून यावें, असा आमचा आग्रह आहे.

हातीं यावें हें आम्ही शब्दशः म्हणतों. गुरुवारीं काड्या आणून दहा-दहांच्या जुड्या बांधविल्या. ज्या मुलीनें आदल्या दिवशीं ३१ लिहिले होते, तिनें इतरांच्या आधीं जुड्या बांधल्या, कारण पऱ्ह्यांच्या जुड्या तिनें घरीं पाहिल्या होत्या. दोन जुड्या व नऊ सुट्या काड्या पुढें ठेवून ती म्हणाली, “एक आणखी असती तर तिसरी जुडी झाली असती.” एकोणतीस या शब्दाचा याहून चांगला अर्थ आम्हांस सांगतां आला नसता.

शुक्रवार पावसांत गेला.

आतां या अंकाच्या मोठ्या वाचकांस, म्हणजे हायस्कुलांतील विद्यार्थ्यांस, एक सांगणें आहे. आमच्या वर्गांत एक मुलगा आहे; तो आंकडा लिहितांना डावा हात वहीवर आडवा धरतो. उत्तर बरोबर असलें तरीही झांकतो. घरीं अभ्यास घेतांना मोठीं भावंडें हंसतात, असें त्याच्याकडून कळलें. दादांनो, तायांनो, हंसणें क्षणाचें असतें; वहीवरचा तो हात काढावयास आम्हांस किती महिने लागतील हें सांगवत नाहीं. पालकांनींही ‘किती पाढे झाले?’ असें विचारण्यापूर्वीं मुलाला बाजारांत न्यावें, सुटे पैसे मोजावयास द्यावे, आणि चुकल्यास ‘कसें मोजलेंस?’ एवढेंच विचारावें.

शनिवारीं वह्या पाहिल्या. तेवीस बहुतेकांचे बरोबर आले. एकोणचाळीस अजून बऱ्याच जणांचे अडते आहेत. रोवणी आटोपून वर्ग पुरा भरला म्हणजे ज्यांचा हा आठवडा बुडाला त्यांच्याकडून जुड्या पुनः बांधवून घ्याव्या लागतील. त्यासाठीं सुतळी आणून ठेविली आहे.