आमची वॉटर जंप



परवा सकाळी आम्ही पडलो. पडण्याचं वय नाही आणि पडण्यासारखी जागाही नव्हती, पण पडलो. झालं असं की नळाला पाणी आलं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या औरंगाबादेत, नळाला पाणी येणं काय असतं हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून पटायचं नाही. दारात वऱ्हाड आल्यासारखी धावपळ होते. ड्रम, टाकी, हंडे, बादल्या आणि शेवटी पातेलीसुद्धा. मोटारीचा पाइप दारातून आडवा गेलेला. आम्ही दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन त्यावरून उडी मारायला गेलो. एक पाय पलीकडे गेला, दुसरा अलीकडेच राहिला. दोन बादल्या दोन दिशांना आणि आम्ही तिसऱ्या.

आमच्या सौ.नी आधी विचारलं, "पाणी सांडलं का?" मग विचारलं, "लागलं का?" कन्या पोट धरून हसली. म्हणाली, "पप्पा, तुमची वॉटर जंप फाउल!" चिरंजीव मात्र हसला नाही. त्याने हात दिला, उठवून कट्ट्यावर बसवलं आणि न बोलता बादल्या उचलून पुन्हा नळाखाली लावल्या.

गुडघा सुजला. दोन दिवसांची रजा टाकली. रजेवरच्या कारकुनाला एकच उद्योग येतो, जुन्या खतावण्या उलटायच्या. आम्ही मनातली काढून बसलो.

वॉटर जंप हा शब्द आमच्या घरात आला तो ऑगस्ट २०२४ मध्ये. पॅरिसला ऑलिंपिक चालू होतं. ७ ऑगस्टला बातमी आली की आपली विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या आधी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली. दिवसभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्या दुकानातली चहाची लहान पुडी! त्याच रात्री, घड्याळात एक वाजून गेल्यावर, आपल्या मराठवाड्याचा पोरगा धावणार होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस.

ही शर्यत म्हणजे काय, ते कन्येनेच आम्हांला समजावलं होतं. नुसतं धावायचं नाही. वाटेत २८ वेळा तीन फूट उंचीचे लाकडी अडथळे ओलांडायचे आणि सात वेळा अडथळ्यापलीकडचा पाण्याचा खड्डा पार करायचा. भिजलेल्या बुटांनी पुढे पळायचं. आम्ही म्हणालो, "यात नवीन काय? आपल्या माणसाचं आयुष्य हेच आहे."

साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडी नाही, म्हणून पोरगा धावतच जायचा. बारावीनंतर सैन्यात गेला तो महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानची वाळू पाहिली. धावपटू म्हणून त्याची ओळख झाली ती त्यानंतर. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षं तो विक्रम कुणाला हलला नव्हता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण हुकलं ते एका सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण घेतलंच.

महार रेजिमेंटचं नाव निघालं आणि आम्ही मुलांना जुनी गोष्ट सांगितली. आपल्या लोकांची सैन्यभरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज तिच्यात सगळ्या समाजांची पोरं आहेत, आणि हेच तर बाबासाहेबांना हवं होतं.

तर त्या रात्री आम्ही चौघं टी.व्ही.समोर. सौ.नी दोनदा चहा केला. शर्यतीच्या शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा अडथळ्याला अडखळून असा आपटला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. गिर्मा म्हणजे साधा गडी नव्हे, या शर्यतीचा जागतिक विक्रम त्याच्याच नावावर. मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली पहिला आला. आपला साबळे अकरावा. वेळ आठ मिनिटं १४.१८ सेकंद.

आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हणालो, "जगात अकरावा! ऑलिंपिकच्या या शर्यतीत फायनलला जाणारा हा पहिला भारतीय पुरुष. बीडचा पोरगा! चेष्टा नाही!"

तेव्हा कन्या म्हणाली, "पप्पा, अकराव्याला टाळ्या. मग दादा पाचवा आला तेव्हा?"

चिरंजीव उठून झोपायला गेला.

वाचकहो, त्याचं असं की, त्याच्या आदल्या हिवाळ्यात चिरंजीव शाळेतर्फे पंधराशे मीटर धावला होता. जिल्ह्यात पाचवा. संध्याकाळी घामेजलेला घरी आला, तोंडावर हसू. आम्ही ऑफिसच्या कटकटीने वैतागलेले. विचारलं, "नंबर?" तो म्हणाला, "पाचवा." आम्ही म्हणालो, "म्हणजे रिकाम्या हातानेच आलास. त्यापेक्षा गणितं सोडवली असतीस तर बरं झालं असतं." एवढंच. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पण दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर गेले आणि पोरगा पुन्हा मैदानावर गेला नाही. आम्हांलाही वाटलं, बरं झालं, आता अभ्यास करील. बी.कॉम. झालेला माणूस आम्ही, जन्मभर नावे-जमा लिहीत आलो. पोराची पाचवी जागा आम्ही सरळ नावे टाकली. ती जमेची बाजू होती, हे कळायला पॅरिसचा अकरावा नंबर लागला. आणि कळूनही दुरुस्तीची नोंद आम्ही केली नाही. बापाने पोराला 'चुकलो' म्हणायचं कसं, हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

गुडघ्याला शेक देत बसलो असताना आम्हांला आणखी एक आकडा आठवला. आपल्या घराघरांत तो माहीत असायला हवा. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजचा बाप टक्केवारी काढील, साडेसदतीस, आणि तोंड फिरवील. पण त्या दिवसांत समाजाने काय केलं? सभा भरवून सत्कार केला. सी. के. बोले अध्यक्ष होते. केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्या भेटीचं पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतोच. आणि सुभेदार रामजी! परळच्या चाळीतल्या एका खोलीत पोराला आधी झोपवायचे, रात्री दोन वाजेपर्यंत स्वतः जागायचे आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे व्हायचे. पुस्तकासाठी लेकींकडे पैसे मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही. जयंतीला हे आम्ही माइकवरून किती वेळा सांगितलं असेल! घरी मात्र "नंबर?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंगडत स्टूलवर चढलो आणि माळ्यावरचे बूट काढले. सौ. ओरडल्या, "अहो, आता दुसरा गुडघा फोडायचाय का?" बूट पुसले आणि चिरंजीवापुढे ठेवले. म्हणालो, "त्या दिवशी आम्ही चुकीचं बोललो. पाचवा नंबर चांगला होता."

तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मग पाय घालून पाहिला. टाच आत जाईना. बूट लहान झाले होते. नाही, बूट तेवढेच होते, पोरगा मोठा झाला होता.

आम्ही म्हणालो, "पगार झाला की नवे घेऊ."

तो म्हणाला, "आधी तुमचा गुडघा बरा होऊ द्या." मग थांबून विचारलं, "साबळेचा गुडघा बरा झाला असेल का हो?" जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर साबळे पडला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, हे आम्हांलाही माहीत होतं. पण पोरगा अजून त्याच्या बातम्या वाचतो, हे आम्हांला त्या क्षणी कळलं.

तो पुन्हा धावेल की नाही, सांगता येत नाही. गेलेली वर्षं परत जमा होत नाहीत, हे कारकुनाला सांगायला नको. पण पुढच्या महिन्याच्या खर्चात बुटांचे पैसे आम्ही आत्ताच बाजूला मांडून ठेवले आहेत. तुमच्याही माळ्यावर असं काही पडलेलं असेल, तर पोराचा पाय मोठा होण्याआधी काढा. आणि स्टूल कुणालातरी धरायला सांगा.

जयभीम.